अपघाताची भरपाई मागणे क्षमेच्या विरुद्ध आहे काय?



हा प्रश्न मजपुढे एका कागदाने उभा केला आहे. तो स्टँप पेपरवरील लेख असून तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने तो लिहिला आहे. शेवटी साक्षीदार म्हणून दोन सह्या आहेत, त्यांपैकी एक माझी आहे. ती सही मी करावयास नको होती, हे मला तीन वर्षांनी समजले. आणि आपल्या पुष्कळ मंडळ्यांतील पाळक, उपदेशक व वडीलजन अशाच कागदांवर चांगल्या हेतूने सह्या करीत असतील अशी मला भीती वाटते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सन २०१८ च्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या भागातून नगर-मनमाड महामार्ग जातो. ज्यांनी तो रस्ता गाळपाच्या हंगामात पाहिला आहे त्यांस त्याचे वर्णन नको. उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या, कांद्याच्या पिकअप, शिर्डीस धावणाऱ्या मोटारी, आणि ह्या सर्वांमधून आपला मनुष्य मोटारसायकलवर पत्नीस मागे बसवून बाजारास चाललेला. आमच्या मंडळीतील एक गवंडी, वय ३८, असाच परत येत असता एका पिकअपने त्यास मागून धडक दिली. पत्नी साइडपट्टीवर फेकली गेली व थोडक्यात बचावली. त्याचा उजवा पाय मांडीत व घोट्यात मोडला. सळई घातली, दोन वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि पाय दीड इंच आखूड राहिला.

पिकअपचा मालक शेजारच्याच गावचा. मनुष्य वाईट नव्हे. तिसऱ्या दिवशी तो गावच्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांसह रुग्णालयात आला, रडला, आणि २५,००० रुपये पुढे ठेवून म्हणाला की, चालक गरीब आहे, त्याची लहान मुले आहेत, पोलिसांत गेल्यास त्याचे लायसन जाईल व गाडी अडकून पडेल, तेव्हा प्रकरण आपसात मिटवावे. आमच्या बंधूने मजकडे पाहिले. मी त्यास क्षमेविषयी दोन शब्द सांगितले. ते शब्द मी आजही मागे घेत नाही. परंतु त्यानंतर जो कागद झाला त्यात लिहिले होते की, मोटारसायकल आपोआप घसरून मी पडलो, कोणत्याही वाहनाची धडक बसली नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रुग्णालयाच्या केसपेपरावरही तसेच लिहविण्यात आले. आणि त्याखाली मी सही केली.

आता वाचकांनी पाहावे की, ह्यात क्षमा कोठे आहे आणि असत्य कोठे आहे. क्षमा करावयाची तर प्रथम अपराध घडला असे म्हणावे लागते. आम्ही तर धडकच झाली नाही असे लिहून दिले! जे घडलेच नाही त्याची क्षमा कशी होणार? मी आपल्या बंधूस क्षमा शिकविली असे समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यास खोटी साक्ष देण्यास मदत केली.

ह्याचा परिणाम पुढे दिसला. गवंड्याचे काम परांचीवर चढून करावयाचे असते. आखूड पायाने परांची चढता येईना. दिवसास ५०० रुपये मिळविणारा मनुष्य इतरांचा माल कालवू लागला, व तेही रोज मिळेना. थोरली मुलगी बारावी उत्तीर्ण झाली आणि तेथेच थांबली. एके दिवशी घरभेटीस गेलो असता त्याच्या पत्नीने चहा दिला व अगदी शांतपणे म्हणाली, “क्षमा केली ती मनापासून केली, पाळकसाहेब. पण पोरीच्या कॉलेजाची फी मनानं भरता येत नाही.” मला उत्तर सुचले नाही.

त्याच वर्षी, म्हणजे २०२१ साली, एका लग्नात त्या पिकअपच्या मालकाची गाठ पडली. बोलता बोलता तो सहज म्हणाला की, गाडीचा विमा त्या दिवशीही चालू होता. तो विमा असता, कायद्याप्रमाणे भरपाई विमा कंपनीने द्यावयाची होती, त्याने नव्हे व चालकानेही नव्हे. म्हणजे आम्ही ज्याच्यावर दया केली असे समजत होतो त्याचे २५,००० रुपये उगीच गेले. ज्याचे नुकसान झाले त्याची मुलगी घरी बसली. आणि आमच्या क्षमेचा लाभ झाला तो कंपनीच्या हिशेबवहीस, जिला क्षमेची गरजही नव्हती व जिने ती मागितलीही नव्हती.

येथे विम्याची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या लोकांत तिच्याविषयी मोठे अज्ञान आहे, आणि मीही त्यात होतो. रस्त्यावर वाहन आणणाऱ्या प्रत्येकाने, आपल्या वाहनामुळे दुसऱ्यास इजा झाल्यास तिच्या भरपाईसाठी, विमा उतरविलाच पाहिजे असा नियम आपल्या देशात १९३९ च्या मोटार कायद्याने केला, व त्याचा तो भाग १ जुलै १९४६ पासून अंमलात आला. हल्ली १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे व त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. ह्या विम्यास लोक थर्ड पार्टी विमा म्हणतात. त्याचे मर्म हे की, लाखो वाहनमालक दरवर्षी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवतात, ते अशासाठी की त्यांच्यापैकी कोणाच्या हातून कोणास इजा झाली तर त्या जखमी मनुष्यास दाराेदार फिरावे लागू नये. तो पैसा त्याच दिवसासाठी ठेवलेला असतो. जो मनुष्य तो मागतो तो भिक्षा मागत नाही, आणि सूडही घेत नाही.

परंतु आपल्या वडीलजनांच्या मनात एक शंका राहतेच: हातापायांचा मोबदला पैशांत घेणे हे रक्ताचे मोल घेण्यासारखे नव्हे काय? ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. एका वृद्ध बहिणीने मुलाच्या मृत्यूनंतर आलेल्या धनादेशास कित्येक आठवडे हातच लावला नाही, हे मी पाहिले आहे. तथापि शास्त्र काय म्हणते ते पाहू. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, भांडणात एकाने दुसऱ्यास असे मारले की तो अंथरुणास खिळला, तर मारणाऱ्याने काय द्यावे हे सांगितले आहे. दोन गोष्टी सांगितल्या आहेत: त्याचा जितका काळ कामावाचून गेला त्याची भरपाई, आणि तो पूर्ण बरा होईपर्यंतचा उपचार. आजचे न्यायालय जखमी मनुष्याच्या दाव्यात मुख्यत्वे ह्याच दोन गोष्टींपासून आरंभ करते. मोशेच्या नियमशास्त्राने पायाची किंमत ठरविली नाही, व आजचा कायदाही ठरवीत नाही. बुडालेली मजुरी व लागलेला औषधपाणी हाच हिशेब आहे. त्यापुढे वेदना व आयुष्यातील गमावलेले सुख ह्यांसाठी न्यायाधीश काही रक्कम घालतात, ती तोकडीच असते, आणि ती तोकडी आहे हे तेही जाणतात.

हा हिशेब कसा होतो ते आमच्या गवंडी बंधूच्याच उदाहरणाने दाखवितो, म्हणजे २५,००० रुपयांत काय विकले गेले ते कळेल. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा ह्या प्रकरणात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले: ३६ ते ४० वर्षांच्या मनुष्यास १५, ४१ ते ४५ च्यास १४, असे उतरत जाणारे. पुढे २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायाधीशांनी म्हटले की, स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतील मनुष्याच्या कमाईत पुढील वाढीसाठी शेकडा ४० मिळवावे. आमचा बंधू महिन्यास २४ दिवस काम धरले तर १२,००० रुपये मिळवीत होता. त्यात शेकडा ४० मिळविले की १६,८०० होतात; वर्षाचे २,०१,६०० होतात; १५ ने गुणिले की ३०,२४,००० होतात. आता त्याची कमाविण्याची शक्ती शेकडा ४० कमी झाली असे न्यायालयाने मानले असते, तर १२,०९,६०० रुपये ह्या एकाच सदराखाली झाले असते. शस्त्रक्रियांचा खर्च, अंथरुणावरील महिन्यांची मजुरी, वेदना व व्याज निराळे.

आणि शेकडा ४० हाही आकडा कमीच धरिला असेल. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फार उपयुक्त गोष्ट स्पष्ट केली. डॉक्टर दाखल्यावर अवयवाचे अपंगत्व लिहितात; न्यायालयाने पाहावयाचे ते हे की, ह्या मनुष्याच्या ह्या धंद्यात त्याची कमाई किती बुडाली. कारकुनाचा एक हात गेला तरी तो पूर्वीचे काम बहुधा करू शकेल. सुताराचा हात गेला तर त्याचा धंदाच गेला. गवंड्याच्या पायाचेही तेच. आपल्या बहुतेक लोकांचा धंदा हातापायांचा असल्यामुळे ही गोष्ट वकिलास व न्यायाधीशांस सांगितली गेली पाहिजे; ती आपोआप समजेल असे धरून चालू नये.

घरकाम करणाऱ्या स्त्रीविषयीही येथे एक शब्द. ती काही कमावीत नव्हती, असे तिचा नवराच जबाबात सांगतो, हे मी ऐकले आहे व मला लाज वाटली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात गृहिणीच्या कामाचे मोल केले पाहिजे असे बजाविले आहे. जो नवरा बायकोच्या श्रमास शून्य म्हणतो त्यापेक्षा न्यायालय अधिक न्यायी निघाले.

आता दुसरी शंका. विश्वासणाऱ्याने जगाच्या न्यायालयात जावे काय? पौलाने करिंथच्या मंडळीस ह्याबद्दल दोष दिला हे खरे. परंतु तो दोष भाऊ भावाविरुद्ध क्षुल्लक गोष्टींसाठी जात होता ह्याचा होता. त्याच पौलाने आपणावर अन्याय होत आहे असे पाहिल्यावर कैसराकडे दाद मागितली. शिवाय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील काम म्हणजे शेजाऱ्याशी वैर नव्हे. तेथे चालक व मालक ह्यांची नावे घालावी लागतात, परंतु वाहनाचा विमा असल्यास देणे बहुधा कंपनीचे ठरते.

चालकाविरुद्धचा फौजदारी खटला ही निराळी गोष्ट आहे, व ती दाव्याशी मिसळू नये. तो खटला सरकार चालविते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यापासून तो तिच्याखाली चालतो. जखमी मनुष्याने तेथे जे पाहिले तेवढेच सांगावे. निष्काळजीपणाने जबर दुखापत झाल्याच्या प्रकरणात, न्यायालयाच्या अनुमतीने, जखमी मनुष्यास ते प्रकरण मिटविताही येते. आमच्या बंधूस त्या गरीब चालकाची खरोखर दया आली होती. ती दया दाखविण्याचे स्थान हे होते. त्याने न्यायाधीशांसमोर उभे राहून, धडक ह्यानेच दिली, परंतु मला ह्याला शिक्षा नको, असे म्हटले असते, तर ती क्षमा खरी ठरली असती व सर्वांनी ती पाहिली असती. आम्ही ती त्यास करू दिली नाही.

एक कठीण प्रसंग मात्र उरतो, व तो मी टाळीत नाही. वाहनाचा विमाच नसेल तर? मग देणे मालकाच्याच माथी येते, आणि तो मालक कदाचित आपल्यासारखाच दोन एकरांचा धनी असेल. विमा असूनही चालकाजवळ लायसन नसेल, तर पुष्कळ प्रकरणांत न्यायालय कंपनीस प्रथम पैसे द्यावयास लाविते व मग ते मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देते. अशा वेळी दयेचा प्रश्न खरा प्रश्न होतो, कारण आता कोणाचे घर खरोखर डळमळणार असते. मी येथे सर्वांस एक नियम घालून देऊ इच्छीत नाही. जखमी मनुष्य आपल्या हक्काचा काही भाग सोडू शकतो. तो त्याचा आहे. परंतु त्याने तो समजून उमजून सोडावा, किती सोडीत आहे हे जाणून सोडावा, आणि बायकामुलांस विचारून सोडावा, कारण त्या रकमेत त्यांचे अन्न आहे. पाळकाने किंवा पंचांनी त्याच्या वतीने उदार होऊ नये. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे फार सोपे असते.

आणि ज्या मालकाने विमाच उतरविला नाही त्यास काय म्हणावे? त्याच अध्यायात मारकुट्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे धन्यास अगोदर सांगितलेले असून त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर धनी दोषी. मोटारसायकल हा असाच बैल आहे, व तो मारतो हे सर्वांस सांगून झालेले आहे. तरी आपल्या गावांत, आणि दुःखाने म्हणतो, आपल्या मंडळ्यांतही, कित्येक दुचाकींचा विमा पहिल्या वर्षानंतर कधी भरलाच जात नाही. उपासनेच्या दिवशी प्रार्थनामंदिराबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची मी एकदा सहज विचारपूस केली. अर्ध्याहून अधिक धनी गप्प राहिले. विम्यावाचून गाडी चालविल्यास पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड किंवा कैद आहे, परंतु दंडाच्या भीतीने मी हे सांगत नाही. जो विम्यावाचून रस्त्यावर जातो तो जणू म्हणतो की, माझ्या हातून कोणी लुळा झाला तर त्याचे त्याने पाहावे.

शेजारी कोण, हा प्रश्न एका शास्त्र्याने आमच्या प्रभूस विचारिला होता. विलायतेतील हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये १९३२ साली एका स्त्रीचा खटला निकालास आला; जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघून ती आजारी पडली अशी तिची तक्रार होती. त्यात लॉर्ड ॲटकिन ह्यांनी त्याच प्रश्नाचा आधार घेतला, व ज्याच्यावर आपल्या कृतीचा परिणाम होईल हे आपणांस आधीच दिसावयास पाहिजे तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी होय, असा सिद्धांत मांडिला. आपल्याकडील निष्काळजीपणाच्या कायद्यावरही त्या निकालाची छाया पडली आहे. यरीहोच्या वाटेवरील गोष्ट न्यायालयातही जाऊन पोहोचली, हे मला फार मौजेचे वाटते. शोमरोन्याने जखमीस नुसते उचलले नाही. उतारशाळेच्या धन्यास पैसे दिले व अधिक लागल्यास तेही देण्याचे कबूल केले, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. उपचाराचा खर्च कोण देणार, ही चिंता त्याच्या दयेचाच भाग होती.

जखमीस उचलावयास आपले लोक भितात, कारण पोलीस बसवून ठेवतील. ही भीती आता धरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची त्यावर सक्ती नाही. २०२५ साली केंद्र सरकारने योजना जाहीर केली तिच्याप्रमाणे रस्ता अपघातातील जखमीस, नेमलेल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळावयाचा आहे. उपदेशकांनी आपल्या भागातील अशी रुग्णालये कोणती हे आधीच विचारून ठेवावे. अपघाताच्या रात्री ते विचारावयास कोणास सुचत नाही.

आता मोहाविषयी लिहितो, कारण असत्य दोन्ही बाजूंनी येते. आम्ही कागदावर अपघात नाहीसा केला. दुसरे लोक तो वाढवितात. रुग्णालयाच्या आवारात दलाल फिरतात. ज्या गाडीने धडक दिली तिचा विमा नसेल तर विमा असलेली दुसरी गाडी दाखवू, चालक दुसरा उभा करू, अपंगत्वाचा दाखला वाढवून आणू, असे ते सांगतात. खोट्या दाव्यांचा प्रकार इतका वाढला की उत्तर प्रदेशात त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले व सर्वोच्च न्यायालयासही त्यात लक्ष घालावे लागले. मजकडेही एकदा एक गृहस्थ आले. त्यांच्या मृत भावास मंडळीकडून महिना २०,००० रुपये पगार होता असा दाखला मी लिहून द्यावा, असे त्यांचे म्हणणे. तो भाऊ रविवारी पेटी वाजवीत असे व त्याबद्दल त्यास काहीच मिळत नसे. मी नाही म्हटले. त्यांनी विचारिले, “कंपनीचे पैसे आहेत, पाळकसाहेब, तुमचे काय जाते?”

प्रश्न अगदीच पोकळ नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. गरिबाची खरी मजुरी सिद्ध करता येत नाही. ठेकेदार पैसे हातावर ठेवतो. पावती नाही, वही नाही. पुरावा नसला की न्यायालय किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरते. पगारदाराच्या घरी पगाराचे कागद असतात, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण मोजले जाते, मजुराचे अर्धेमुर्धे. तेव्हा गरीब मनुष्य म्हणतो की, सत्य सांगून मला कमीच मिळणार असेल तर थोडे फुगवून का सांगू नये? माझे उत्तर हे की, सत्य अपुरे वाटत असेल तर ते अधिक नीट गोळा करावे. त्या गृहस्थांबरोबर बसून मी त्यांच्या भावाने ज्या पाच घरांची रंगरंगोटी केली त्या घरमालकांची नावे लिहून काढली. तिघांनी साक्ष देण्याचे कबूल केले. बँकेच्या पुस्तकातील जमा, ठेकेदाराची हजेरीवही, दुकानातील उधारीची चोपडी, हीही साक्षच आहे. ह्या कामी उपदेशक पुष्कळ उपयोगी पडू शकतो, कारण गावात कोण काय काम करतो हे त्यास ठाऊक असते व त्यास लिहिता येते.

वेळेविषयी सावध राहावे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा असा नियम पुन्हा आला आहे. त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तथापि त्या भरवशावर कोणी बसू नये. पोलिसांनी ४८ तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणास पाठवावयाचा असतो. तो गेला की नाही हे विचारावे. दावा जेथे अपघात झाला तेथेच घालावा लागतो असे नाही. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणापुढेही घालता येतो. ठोकून पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख व जबर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार ह्यांच्याकडे चौकशीस जातो. हा लाभ फारच थोडे लोक घेतात असे पाहून २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांस आज्ञा केली की त्यांनी जखमींस व वारसांस ह्याची माहिती द्यावी.

वकिलाचा खर्च कोठून आणावा? बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या रकमेचा तिसरा किंवा चौथा हिस्सा ठरवून वकील काम घेतात. वकिलाने निकालावर अवलंबून अशी फी ठरवू नये किंवा रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, हे आपल्या लोकांस कोणी सांगत नाही. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने ती पात्र मनुष्यास फुकट वकील देते. येथे आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस त्या जातींच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून पुष्कळांस वाटते की हे दारही आपणांस बंद आहे. तसे नाही. त्या कायद्यात स्त्री, अपंग व अल्प उत्पन्नाचा मनुष्य ह्यांस निराळा हक्क आहे, मग त्यांचा धर्म कोणताही असो. जखमी गवंडी अपंग म्हणून जाऊ शकतो, त्याची पत्नी स्त्री म्हणून. १५१०० ह्या क्रमांकावर विचारताही येते.

पैसे मिळाल्यानंतरची कथा निराळीच आहे, व ती नेहमी आनंदाची नसते. नातलग जमतात, लग्ने ठरतात, जुनी देणी आठवतात. म्हणूनच १९९३ साली सुसम्मा थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान वारसांची व निरक्षर दावेदारांची रक्कम मुदतठेवीत ठेवावी असे सुचविले. कोणी त्यावर रागावते. मला मात्र त्यात एका वडील मनुष्याचा हात दिसतो.

आमच्या बंधूचे काय झाले असे वाचक विचारतील. २०२१ साली मी त्यास घेऊन एका वकिलाकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, केसपेपर पाहिला, आणि सांगितले की, ठाण्यात नोंद नाही, पंचनामा नाही, गाडी विकली गेली, आणि तुमच्याच सहीने धडक झाली नाही असे लिहिले आहे. आता सिद्ध काय करणार? आम्ही पायऱ्या उतरून खाली आलो. त्याने मला दोष दिला नाही. बस येईपर्यंत तो पाय लांब करून बाकावर बसून राहिला.

गेल्या पावसाळ्यात जवळच्या वाडीतील एक तरुण टेम्पोच्या धडकेने जखमी झाला. चौथ्या दिवशी त्याची आई मजकडे आली. तिच्या पदरात ३०,००० रुपयांचा निरोप होता व सोबत लिहून आणलेला कागद. मी तिला उपदेश केला नाही. तिला घेऊन गवंड्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नीने पत्र्याच्या पेटीतून जुना कागद काढला व दिव्याजवळ धरून माझ्या सहीपर्यंत वाचून दाखविला. मग त्या दोघी बोलत बसल्या. मी बाहेर ओट्यावर थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघी मिळून पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदविण्यास गेल्या.